आमचा रोग इकडून गेला का?

आधी चहा संपवा, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना लोकांना ठसका लागतो आणि त्याचाही दोष माझ्यावर येतो. तसे दोष काही कमी नाहीत माझ्यावर. आमच्या गावात आजही कोणी शिंकलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग नाक पुसतात. का बघतात? तेच तर सांगायचं आहे. माणसाने मूर्खपणा करावा, पण निदान वाजतगाजत तरी करू नये. मी ढोल लावून केला!

मी देवाजी, गिरणीवाला. कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. धान कांडायची गिरणी एकच, ती माझी. गोष्ट आहे नव्वदचं दशक सरता सरताची. गावात फोन नव्हता, पण माझी गिरणी होती, म्हणजे फोनची गरजही नव्हती. आजूबाजूच्या टोल्यांवरच्या, म्हणजे लहान वस्त्यांवरच्या, बाया डोक्यावर धान घेऊन यायच्या आणि धानासोबत बातम्याही टाकून जायच्या.

त्या पावसाळ्यात बातमी एकच होती. ताप.

मलेरिया आमच्याकडे नवा नाही. दरवर्षी येतो, हुडहुडी भरवतो, कडू गोळ्या खाल्ल्या की जातो. पण त्या वर्षीचा डोक्यात चढणारा होता. सकाळी बांधावर उभा असलेला माणूस संध्याकाळी बरळायला लागायचा आणि मग त्याला खाटेवर घालून दवाखान्याकडे पळायचं. कधी खाट दवाखान्यापर्यंत पोचायची, कधी वाटेतूनच वळायची.

पुंडलिक माझा जिवाचा दोस्त. रोज सकाळी माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसून माझाच चहा प्यायचा आणि मलाच नावं ठेवायचा. एका सकाळी तो आला नाही. मी त्याचा चहा झाकून ठेवला. पुढे त्याच्या तेरवीचं धान मीच कांडलं.

गिरणीवाल्याचं हे एक वाईट असतं बघा. कोणाच्या घरी काय चाललंय ते त्याला धानावरून कळतं. एखाद्या घरून धान येणं बंद झालं, तर समजायचं की घरात सगळे पांघरुणात. आणि एखाद्या घरून एकदम पोतं भरून आलं, तर विचारायची हिंमत व्हायची नाही. लग्नाचे दिवस नव्हते, मग एवढा तांदूळ कशाला? 

त्यात घरी मंदा, माझी बायको. तिला सातवा महिना. मागच्या पावसाळ्यात असाच ताप आला होता आणि आमचं पहिलं मूल पोटातच गेलं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. ती बोलली नाही म्हणून मी नाही, मी बोललो नाही म्हणून ती नाही. पण या खेपेला मी मनात ठरवून टाकलं होतं. काय वाट्टेल ते होवो, डास माझ्या बायकोपर्यंत पोचणार नाही.

मग काय विचारता! घरात कडुलिंबाचा पाला जाळायला घेतला. धूर एवढा, की शेजारी पाणी घेऊन धावत आले. मंदाच्या हातापायाला करंजाचं तेल फासलं. तिच्या कपाळाला सारखा हात लावून बघायचो. आता इंजिन हाताळून माझे हात तापलेले, त्यामुळे तिचं कपाळ मला कायम थंडगार लागायचं. मग घाबरायचो, की ही एवढी थंड का पडली!

शेवटी ती एकदा म्हणाली, "अवो, मच्छर चावून मराची तवा मरन, पन तुमच्या धुपटानं मी आजच मरतो! दारातून सरका, जराशी हवा येऊ द्या."

मी दारातून सरकलो आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो.

खरा उपाय एकच, असं रक्त तपासायला येणारी नर्सबाई सांगून गेली होती. औषधात बुडवलेली मच्छरदाणी. गरोदर बाईला आधी देतात म्हणे. मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात.

"संपल्या, भाऊ. आल्या का देतो."

परत गेलो. "आल्या का?"

"नाई आल्या."

पुढे पुढे तर मी फाटकात दिसलो, की ती बाई आतूनच मान हलवायची. बाजारातल्या दुकानातही मच्छरदाणी शिल्लक नव्हती. रात्री मंदा झोपली, की मी पंख्यासारखा टॉवेल फिरवत बसायचो आणि मनात एकच, मच्छरदाणी, मच्छरदाणी. देव आठवायच्या वेळी मला मच्छरदाणी आठवायची.

आता तुम्ही म्हणाल, गावाने काही केलं नाही का? केलं की! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, रोगराईची बाई म्हणून केलेला पुतळा. सगळं गाव ओरडत शिवेपर्यंत जातं, "ढेकून-मच्छर, खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" त्या वर्षी तर लोक नरडं फाटेस्तोवर ओरडले. मारबत गेली. रोगराई मात्र गावातच राहिली.

तेव्हा मी उठलो आणि मनकू भाऊकडे गेलो. मनकू भाऊ म्हणजे आमच्या गावचे पुजारी. जंगलातल्या देवांचं सगळं तेच बघतात. शांत माणूस, बोलायच्या आधी तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा घोळवणारा. मी म्हटलं, "भाऊ, गाव बांधा."

गाव बांधणं तुम्हाला माहीत नसेल. रोग फार झाला, की गावाच्या वाटांवर गवताचा दोर आडवा बांधतात, त्याला आंब्याचे अन् कडुलिंबाचे डहाळे. दिवस बुडेपर्यंत बाहेरचा माणूस आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. कांडणं बंद, दळणं बंद, कुऱ्हाड बंद. आणि गावातला रोग काय करायचा? तो टोपलीत घालून शिवेबाहेर नेऊन ठेवायचा. जुनं सूप, झिजलेला झाडू, मडकं, लिंबू, कुंकू, बांगड्या, काळी कोंबडी. ती टोपली पुढच्या गावाला दिसली, की ते लोक ती उचलून आणखी पुढच्या शिवेवर ठेवतात. असा तो रोग गावोगाव फिरत नदीला लागतो. त्या टोपलीला हात लावायचा नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मनकू भाऊ म्हणाले, "पोळा तं आताच झाला गा. जराशे थांबू."

"थांबाचं काऊन? माणसं मरून राह्यले ना जी!"

"मरून राह्यले म्हनूनच म्हन्तो. लोकं दवाखान्यात जाऊन राह्यले, येऊन राह्यले. वाट बंद करून कसं जमंल?"

मी ऐकतो का! रोज त्यांच्या दारात. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी दिवस धरला आणि गाव बांधलं. दोर ताणायला सगळ्यात पुढे कोण? मी! गाठ सैल आहे म्हणून परत सोडून बांधणारा कोण? तोही मीच!

आमची स्वतःची टोपली निघणार होती दुपारनंतर. गिरणी बंद, हाताला काम नाही, मग मी उगाच घरातून शिवेपर्यंत आणि शिवेपासून घरापर्यंत येरझारा घालत होतो. दोर तुटला तर नाही ना? डास दोराखालून येतात का? असले विचार. अशाच एका खेपेला वळणावरून बघतो तर काय! दोराच्या पलीकडे, वाटेच्या कडेला, टोपली!

 टोपलीत उभं खोचलेलं सूप. झाडू. मडक्याचं तोंड. कडेवर हिरव्या बांगड्या चमकताहेत, आणि वर पाय बांधलेली काळी कोंबडी माझ्याकडे मान वाकडी करून बघते आहे.

कोणत्या तरी गावाने आपला रोग आमच्या शिवेवर आणून ठेवला होता! आणि त्या कोंबडीने मला बघितलंसुद्धा होतं!

मी जो पळालो, तो थेट मनकू भाऊच्या अंगणात.

"भाऊ! रोग आला! शिवेवर बसून हाये!"

"जवळून पाह्यलं काय?"

"जवळून? मले मराचं हाये का?"

गाव गोळा झालं. जो तो दुसऱ्याच्या मागे लपत होता, म्हणून गर्दी एका जागी उभी न राहता नुसती फिरत होती. नियमाप्रमाणे दोर ओलांडू शकतात ते फक्त पुजारी, टोपली उचलणारे आणि ढोलवाला. दोन गडी लांब बांबू घेऊन तयार झाले. मी दोराच्या आत उभा राहून हुकूम सोडत होतो. "बांबू लांब धरा! वाऱ्याच्या बाजूनं नोका जाऊ! नाक बांधा रे नाक!"

टोपली उचलली, तशी आंबूस वासाची एक लाट आली. बाया पदर तोंडाला लावून मागे सरल्या.

"वास पाहा! वास!" मी ओरडलो. "म्हातारा रोग हाये हा! लय दिवसाचा हाये!"

मनकू भाऊ टोपलीजवळ जरा रेंगाळले. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "कोन्या गावचे असतीन बाप्पा! मोठे मानाचे लोक दिसतेत. रोगाले नवंकोरं सूप देल्लं."

हे वाक्य मी ऐकलं बरं का. चांगलं ऐकलं. आणि त्यावर काय बोललो? "तुमाले सुपाचं पडलं, भाऊ! न्या ना लवकर!"

ढोल वाजला. टोपली नाल्याच्या दिशेने गेली. नाल्यापलीकडच्या टोल्याच्या शिवेवर ती ठेवून, मागे वळून न बघता सगळे परत आले. या गडबडीत आमची स्वतःची टोपली राहूनच गेली. मला एवढं हलकं वाटलं, की घरी जाऊन मी मंदाला म्हटलं, "आज मी नसतो ना, तं काई खरं नव्हतं गावाचं."

ती म्हणाली, "आज माय येनार व्हती माही. आली नाई आजून."

"गाव बांधून हाये. कशी येईल? दिवस बुडल्यावर येईल."

एवढं बोललो आणि शिवेकडून हाक आली. "अवो जवाईबुवा! अवो कोनी हाये का तिकडं?"

गेलो. दोराच्या पलीकडे माझी सासू. आम्ही त्यांना मामी म्हणतो. बारीक बाई, पण आवाज गिरणीवरून ऐकू जाईल असा. डोळे झोपेने सुजलेले, डोक्यावरचा पदर अस्ताव्यस्त.

"जवाईबुवा, माही टोपली कोनं नेली जी?"

मी हसलो. "टोपली? कोन्ती टोपली, मामी?"

"इथीच तं ठेवली व्हती! बस फाट्यावर सोडून गेली, तिथून पायी आली. पाहातो तं गाव बांधून. म्हटलं, नेम तं पाळाच लागंल. टोपली ठेवली इथी अन् मोहाच्या झाडाखाली जाऊन पडली जराशी."

तुम्ही कधी गिरणीचा पट्टा सुटताना बघितला आहे का? आधी फट्‌ असा आवाज येतो आणि मग सगळं एकदम शांत होतं. माझ्या डोक्यात तसं झालं.

"मामी... टोपलीत काय व्हतं?"

"काय म्हन्जे? पोरीच्या बाळतपनाचं! बाळाले ठेवाले नवं सूप. आमच्या गावच्या गवताचा झाडू. कादरभाईकडच्या हिरव्या बांगड्या. लिंबं, पोरीच्या तोंडाले चव याले. मडक्यात भिजोलेले वास्ते..."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मंदाचा जीव की प्राण. भिजवून ठेवले, की वास सुटतो. म्हातारा रोग!

"...अन् काळी कोंबडी," मामी म्हणाल्या. "काऊन? असे काऊन पाहून राह्यले?"

"मामी, इथून ढोल वाजत गेला. तुमाले आवाज नाई आला?"

"आला ना! उठून बसली तं समजलं, रोग काढून राह्यले. मंग पाहाव कसा? पदर घेतला तोंडावर, पाठ केली अन् डोळे मिटून हात जोडले. म्हटलं, जाय वं माय, माह्या पोरीले सोड, मागच्या खेपेसारखं नोको करू."

बिचारी माझी सासू! तिच्या डोळ्यांदेखत, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांदेखत, तिचीच टोपली वाजतगाजत गेली आणि तिने तिला नमस्कार करून निरोप दिला.

मला वाटलं, जाऊ दे, कोंबडी गेली, वास्ते गेले, आपली अब्रू गेली, पुढच्या आठवड्यात पुन्हा आणू. तेवढ्यात मामी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "कोंबडीचं काई नाई जी. पन खाली लुगड्यात गुंडाळून मच्छरदानी व्हती. आमच्या गावात दवाईवाल्या आल्या. माह्या नावची नाई मिळे. मी बाईच्या पाया पडली. म्हटलं, पोरगी पोटुशी हाये, मागच्या साली लेकरू गेलं तिचं."

मी खाली बसलो. तिथेच, चिखलात.

ज्या मच्छरदाणीसाठी दवाखान्याचा उंबरा झिजवला, ती स्वतःच्या पायाने माझ्या दारात आली होती. तिला अडवलं कोणी? मी बांधलेल्या दोराने. तिला हाकललं कोणी? मी जमवलेल्या गावाने. बाहेर काढायचा होता ताप, तो राहिला आत, आणि बायकोला वाचवणारी एकमेव वस्तू मी ढोल लावून जंगलात धाडली होती.

मी दोराखालून वाकलो आणि बाहेर पडलो. मागे ओरडा झाला. मनकू भाऊ शांतपणे म्हणाले, "देवाजी, आता दिवस बुडेपर्यंत आत याचं नाई. तूच गाठ मारली हायेस." मी म्हटलं, "सायकल तेवढी दोरावरून द्या!" सायकल आली. मामी म्हणाल्या, मीबी येतो. मी नको म्हणेपर्यंत त्या मागच्या कॅरिअरवर बसल्याही होत्या. सासूला डबलसीट घेऊन रोगाच्या मागे निघालेला जावई तुम्ही बघितला आहे का? आमच्या तालुक्याने बघितला.

नाल्यापलीकडच्या टोल्यावर पोचलो. टोपली नाही. तिथेही वाटेवर दोर, आणि दोरामागे काठ्या घेतलेले लोक. आता त्यांना विचारणार कसं? जे तोंडात आलं ते विचारलं.

"राम राम! आमचा रोग इकडून गेला का?"

एक म्हातारा म्हणाला, "आला व्हता. आमी काय पाहुनचार कराले ठेवून घेतो का? धाडला पुढं."

"मले वापस पाह्यजे तो!"

 एका बाईने लेकराला मागे ओढलं. मी सगळं समजावून सांगायला लागलो, सासू, सूप, वास्ते, मच्छरदाणी, पण रोगाच्या मागे सायकलवर धावणाऱ्या माणसाचं कोण ऐकतो? म्हाताऱ्याने आत जाऊन एक फुटकं सूप आणलं, बांबूने माझ्या हँडलला अडकवलं आणि हात जोडून म्हणाला, "बाप्पा, जाऊनच राह्यला तं आमचाबी घेऊन जाय."

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर कोणी लिंबांची माळ टाकली, कोणी झिजलेला झाडू. मामी मागून ओरडत होत्या, "अरे, मानूस हाये तो! जवाई हाये माहा!" कोणी ऐकलं नाही.

पुढे फाट्यावर कादरभाई भेटले. हे बांगड्या विकायला गावोगाव फिरतात. त्या दिवशी सगळ्या वाटा बांधलेल्या, म्हणून बिचारे पेटी मांडीवर घेऊन झाडाखाली बसले होते. मला त्या सगळ्या लटकवलेल्या सामानासकट बघून ते उभे राहिले आणि दोन पावलं मागे गेले.

"देवाजी भाऊ? ये क्या हाल बना लिया?"

"कादरभाई, आमचा रोग पाह्यला का?"

"काली मुर्गीवाला ना? अब्बी गया उदर से, नदी की तरफ. मैं तो अलग सोचमें पडा, भाऊ. उसमें चुडियाँ मेरेच हात की थी. मैं बोला, अपनी चुडियाँ अब बीमारी भी पहनने लगी क्या!"

मामी रडत होत्या, त्या फसकन हसल्या आणि हसता हसता पुन्हा रडायला लागल्या.

त्याच्या पुढचा टोला लहान होता. तिथे दोर नव्हता की माणसं नव्हती. दारं लोटलेली. एका अंगणात बांबूची ताजी तिरडी बांधून ठेवलेली, लहानशी. आतून एकाच बाईचा आवाज येत होता. तिथे मी काही विचारलं नाही. सायकलवरून उतरलो, घंटी वाजू नये म्हणून मुठीत धरली आणि टोला संपेपर्यंत पायी गेलो.  नंतर मामी म्हणाल्या, "जवाईबुवा, लवकर चला." तेवढंच.

नदीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. काठावर चार माणसं बांबूने टोपली पाण्यात लोटत होती. मी सायकल तिथेच टाकली आणि ओरडत सुटलो, "थांबा! माहा रोग हाये तो! बुडवू नोका!"

माणसं थांबली नाहीत, पळाली. माझं रूप बघून तुम्हीही पळाला असता. टोपली पाण्यावर गेली, गोल गोल फिरायला लागली. मी कमरेपर्यंत पाण्यात शिरलो, आणि तिचा काठ धरला. सूप वाहून गेलं, मडकं बुडालं, कोंबडी माझ्या डोक्यावर चढून बसली. पण तळाशी लुगड्यात गुंडाळलेली मच्छरदाणी होती. अर्धी ओली, पण होती. मी ती छातीशी धरून पाण्यातच उभा राहून रडलो. लाज कसली? सासू आणि डास सोडले, तर बघायला तिथे होतं कोण?

डास मात्र होते. ढगासारखे. त्या नदीकाठी संध्याकाळच्या वेळी अंगावर ओले कपडे घेऊन मी बसलो होतो आणि मच्छरदाणी आणखी भिजू नये म्हणून ती उंच धरून होतो. अंगाला काय चावतंय, तिकडे लक्षच नव्हतं.

परत आलो तर दिवस बुडालेला आणि दोरापाशी सगळं गाव. काढलेला रोग परत आत येता कामा नये, म्हणून लोक अडून बसले. हा नियम त्यांना तोंडपाठ कोणी करून दिला होता? तुम्हाला माहीत आहे. मी हात जोडले, मामीने शिव्या दिल्या. शेवटी मनकू भाऊंनी मच्छरदाणी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "रोग जुन्या वस्तूत घालून धाडतेत. हे नवी हाये. ज्याले भेव वाटते, त्यानं घरी जावं." आणि स्वतःच्या हाताने दोर सोडला.

त्या रात्री मंदा मच्छरदाणीत झोपली. मी बाहेर बसून बघत होतो. जाळीवर डास येऊन बसत होते आणि तसेच खाली पडत होते. कितीतरी दिवसांनी मला छातीभर श्वास घेता आला.

मंदाला त्या पावसाळ्यात तापाचा चटकाही लागला नाही. आणि मला? काही दिवस गेले आणि एका दुपारी, चालू गिरणीसमोर, भर उन्हात मला थंडी वाजायला लागली. दात असे वाजत होते, की बायांना वाटलं इंजिनात काही अडकलं. नर्सबाईने रक्त नेलं. मलेरिया! मंदा पोट सावरत माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि मी तिला सांगत होतो, "तू जाळीत जाऊन बस ना बाप्पा!"

मनकू भाऊ बघायला आले. खाटेशी बसले, खर्रा घोळवला आणि म्हणाले, "लय लोक पाह्यले गा मी. रोग अंगावर आलेले पाह्यले, रोगाले भेऊन पळालेले पाह्यले. पन गावानं वाजोत काढलेला रोग नदीपर्यंत सायकलनं जाऊन वापस आननारा तूच एक."

मी बरा झालो. आमच्याकडे मुलगी झाली. मामीने दुसरं सूप आणलं, या वेळी टोपली मांडीवरून खाली न ठेवता. पुंडलिकच्या जागेवर ओट्यावर मी अजून कोणाला बसू देत नाही, पण मुलगी बसते. तिला काय बोलणार?

आणि मारबत? दरवर्षी निघते. सगळं गाव शिवेवर जमतं, मीही जातो, मागच्या बाजूला जरा आडोशाने उभा राहतो. लोक ओरडतात, "खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग एक क्षण सगळे थांबतात. कारण त्याच्या पुढची ओळ आमच्याच गावात आहे, दुसरीकडे कुठे नाही, आणि ती म्हणायचा मान एकीचाच. माझी पोरगी पुढे होते आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात ओरडते,

"अन् बाबाले धरून ठेवा रे, नाईतर वापस आनतीन!"